डावीकडचं दार

विकणाऱ्या माणसाने उजवीकडचं, म्हणजे चालवणाऱ्याचं, दार माझ्यासाठी उघडून धरलं होतं. चावी माझ्या हातात होती. गाडी मला घ्यायची होती, पैसे माझे होते, परवाना माझ्या पर्समध्ये होता. तरी मी त्या उघड्या दारासमोरून सरळ पुढे गेले, गाडीच्या नाकाला वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं, आत बसले आणि पट्टा ओढून लावलासुद्धा. पट्टा खट्‌कन बसला तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलं ते. काचेपलीकडे तो माणूस दार धरून तसाच उभा होता आणि त्याच्या मागे माझे धाकटे दीर, काखेत माझी फाइल. दोघांपैकी कुणी हसलं असतं तर मीही हसले असते, चुकलंच म्हणून उतरले असते आणि विषय संपला असता. पण दोघेही सभ्य. दीर वाकून म्हणाले, "वहिनी, आधी मी चालवून बघू का?" आणि मी, एकावन्न वर्षांची, बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, मुकाट्याने मान हलवली आणि चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. विकणारा मागच्या सीटवर बसला. "काही हरकत नाही मॅडम," तो म्हणाला, "साहेबांनी चालवली म्हणजे तुम्हाला आरामात बघता येईल."

त्याच्यावर रागवायला जागाच नव्हती. मी घरून सगळी तयारी करून आले होते ती त्याच्यावर रागवायची. आमच्या विभागातल्या नर्सने, जिला अख्खं हॉस्पिटल आक्का म्हणतं, मला आठवडाभर पढवलं होतं. तिने गेल्या वर्षी स्वतःची गाडी घेतली, तीन दुकानं पालथी घालून. एका ठिकाणी तिला विचारलं होतं, मिस्टर कधी येणार आहेत? ही म्हणाली, लग्न ठरलं की कळवते. तिने माझ्यासाठी तपासणीच्या एका रद्दी कागदाच्या पाठीवर सूचना लिहून दिल्या होत्या, तिच्या त्या मोठ्या, औषधाच्या बाटलीवर लिहिल्यासारख्या अक्षरात. गाडी आवडली तरी ताकाला तूर लागू देऊ नकोस. रंगाबद्दल चकार शब्द काढू नकोस, बाईने रंग विचारला की ते इंजिनाचं बोलणंच बंद करतात. वापरलेली गाडी घेत्येस तर आधीच्या दुरुस्त्यांचे कागद माग, नाहीत म्हणाले तर कुठेतरी पाणी मुरतंय समज. पुरुष बरोबर न्यायचाच असेल तर मुका ने. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: सही करायच्या आधी स्वतः चालव. मी म्हटलं, आक्का, हे तर कुणीही सांगेल. ती म्हणाली, सांगतात गं सगळे, करत कुणी नाही. मी कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली होती आणि त्या काचेच्या दालनात शिरताना मनात लढाईच चालली होती. पण समोर आला तो हा, चाळिशी उलटलेला, बारीक टाय लावलेला, थकलेला माणूस. त्याने माझ्याकडे बघूनच बोलायला सुरुवात केली, खुर्ची मला दिली, कागद माझ्यापुढे ठेवले आणि दार माझ्यासाठी उघडलं. डावीकडे जाऊन बसले ती मीच. घरच्या सगळ्या बायका बसतात तिथे, पायाशी पिशवी ठेवून.

त्याच्यात मला एकच गोष्ट खटकली होती, तीतही त्याचा दोष नव्हता. कुणी बोललं की तो उजवा कान किंचित पुढे करायचा. डाव्या कानाने त्याला कमी ऐकू येत असणार आणि त्याला ते ठाऊक नसणार. हा माझा धंदा आहे. कानाच्या विभागात मी लोकांची श्रवणतपासणी करते. जाड गादीच्या भिंतींची एक लहानशी खोली, तिला एक काच, काचेच्या आत माणूस, बाहेर मी. त्याच्या कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी सांगते, आवाज आला की दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा. मग मी आवाज एकेक पायरी खाली नेत जाते. काही लोक आवाज नसतानाच दाबतात, मला बरं वाटावं म्हणून. काही झोपी जातात. आणि काही, त्यांत माझ्या वयाच्या बायका फार, ऐकू आलं तरी दाबत नाहीत. काचेतून मला दिसतं, डोळे हलतात, मान किंचित वळते, अंगठा बटणावर येतो आणि तिथेच थांबतो. बाहेर आल्यावर विचारलं की म्हणतात, आला असं वाटलं, पण खात्री नव्हती. मी त्यांना पुन्हा आत बसवते. म्हणते, खात्रीचं मी बघते, तुम्ही फक्त दाबा. हे वाक्य मी हजारो वेळा म्हटलं असेल.

आता हॉस्पिटल नवीन काम सुरू करतंय. जे म्हातारे अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जाऊन तपासायचं. यंत्र आठ किलोचं, पेटीसकट अकरा. ज्याच्याकडे स्वतःची गाडी असेल त्याला हे काम, नाहीतर ते नव्या तंत्रज्ञ मुलीला जाणार आणि मी रेकॉर्डच्या खोलीत फाइली लावत बसणार. सोमवारी सकाळी डॉक्टरांना सांगायचं होतं. आज शनिवार होता. मला ते काम हवं होतं, किती हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत मला हवीशी वाटलेली ती पहिलीच गोष्ट. मी तीन महिने पहाटे उठून पुन्हा गाडी शिकले, कारण परवाना जुना असला तरी हात विसरले होते, आणि डाव्या मनगटात धातूची पट्टी बसवलेली, गिअर टाकताना ते आतून ओढतं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही चांगल्या चालवता, फक्त रस्त्याकडे बघा, गाडीचं काय ऐकत बसता?

दीर गाडी छान चालवतात, हळू आणि सरळ. शोरूमच्या आवारातून बाहेर पडलो, दोन सिग्नल ओलांडले, मग तो लांब, रुंद रस्ता लागला, एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे. विकणारा मागून सांगत होता, एकाच मालकाने वापरलेली, डॉक्टरीणबाईंची होती, फार जपून ठेवलेली. दीर म्हणाले, "क्लच हलका आहे वहिनी, तुमच्या हाताला त्रास नाही व्हायचा." मी हं म्हटलं. बाहेर ऊन होतं, गाडीत नव्या रबरी पायपुसण्यांचा वास होता, आणि काटा चाळिसाच्या पुढे गेला तेव्हा मला तो ऐकू आला. खालून, माझ्या डाव्या पावलाच्या पुढून. घरघर म्हणावी इतका मोठा नाही. दुसऱ्या खोलीत कुणी दळत असावं तसा. वेग वाढला की सूर चढत होता, कमी झाला की उतरत होता. रस्ता डांबरी होता, मग थोडा सिमेंटचा लागला, तरी तो बदलला नाही. पुढे उजवीकडे मोठं वळण होतं, गाडी वळायला लागली तसा तो वाढला, सरळ झाल्यावर पुन्हा बसला. मी दाराच्या कडीला धरलं, मनगट दुखलं, तरी धरलंच.

दोन वर्षांपूर्वी हाच आवाज मी आठ दिवस ऐकला. हाच सूर, हीच जागा, हीच सीट, फक्त गाडी आमची आणि चालवणारे हे. पहिल्या दिवशी मला वाटलं रस्ता खराब असेल. दुसऱ्या दिवशी मी खिडकी खाली केली, वर केली, रेडिओ बंद केला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "अहो, चाकातून कसला तरी आवाज येतोय." त्यांनी कान दिला असेल दोन क्षण. म्हणाले, "रस्त्याचा आहे गं तो. आत्ताच तर गाडी दाखवून आणलीय. तू तुझ्या त्या खोलीतून बाहेर ये आता, सगळीकडे आवाज ऐकतेस." त्यात तिरकं काही नव्हतं. ते हसले, माझ्या गुडघ्यावर थोपटलं, मीही हसले. चुकत असेन, असं खरंच वाटलं. गाडीतलं मला काय कळतंय! आणि त्याखाली दुसरंही एक होतं, जे मी त्या वेळी स्वतःलासुद्धा धड सांगितलं नाही. गाडी दाखवून आणली होती ती ह्याच भावजींनी, आता शेजारी बसून चालवणाऱ्या दिरांनी. आदल्या आठवड्यात ते तिला आपल्या मित्राच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले होते, पुढच्या चाकांचं काम करून आणलं होतं, ह्यांना सवड नव्हती म्हणून. आवाज त्यानंतरचा होता. मी हट्ट धरला असता तर भावजींच्या मित्राचं नाव निघालं असतं, भावाभावांत शब्द झाले असते, आणि घरात कुरबूर कुणी लावली तर वहिनीने. कशाला काट्याचा नायटा, असं म्हणून मी गप्प बसले. पाच दिवस. आठव्या दिवशी त्या हमरस्त्यावर, उजव्या वळणावर, चाक जाम झालं, गाडी आडवी फिरली आणि तिची उजवी बाजू पुलाच्या खांबावर गेली. माझं मनगट मोडलं.

लोक म्हणाले, वेळ आली होती. सासूबाई म्हणाल्या, तू तरी वाचलीस. पोलिसांच्या कागदात एक ओळ होती, पुढील डाव्या चाकाचा बिघाड, आणि ती ओळ घरात कुणी मोठ्याने वाचली नाही. भावजींचं त्या गॅरेजच्या गल्लीतून जाणं बंद झालं, हे मला त्यांच्या बायकोच्या बोलण्यातून सहज कळलं. त्यानंतर दर रविवारी ते माझ्याकडे येतात. नळ गळत असेल तर दुरुस्त करतात, बिलं भरतात, बल्ब बदलतात, न सांगता. एवढं का करता, असं मी त्यांना विचारलं नाही. मी विचारलं असतं तर त्यांनीही मला काही विचारलं असतं, ही मला भीती. दोन वर्षं आम्ही दोघं एका मेजाशी बसून चहा पितो, समोर बिस्किटं, आणि हवापाण्याचं बोलतो. दोघंही मूग गिळून. रात्री अंथरुणावर पडले की मी मनातल्या मनात त्या आठ दिवसांत परत जाते आणि दर वेळी वेगळ्या दिवशी तोंड उघडते. चौथ्या दिवशी, नाश्त्याच्या वेळी. सहाव्या दिवशी, पार्किंगमध्ये, चावी हिसकावून. दर वेळी ते ऐकतात.

"कशी वाटली?" दीर विचारत होते. गाडी परत आवारात आली होती. मी म्हटलं, "बरी आहे." एवढंच. पुन्हा तेच. अंगठा बटणावर आणि तिथेच थांबलेला. आतून स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि ते येऊ नये म्हणून मी पर्समध्ये रुमाल शोधण्याचं सोंग केलं. आत मेजावर कागद मांडलेले होते. विकणाऱ्याने पेनाचं टोपण काढून पेन माझ्याकडे केलं, सहीच्या जागेवर बारीक फुली केलेली. दीर फाइलमधून माझे फोटो काढून मोजत होते. मी विचारलं, दुरुस्त्यांचे कागद? तो म्हणाला, मागवलेत मॅडम, सोमवारी येतील. सगळं व्यवस्थित आहे, मी स्वतः रोज चालवतो ही गाडी. तो खोटं बोलत नव्हता. त्याला ऐकू येतच नव्हतं, चालवताना त्याचा डावा कान त्या चाकाकडेच असणार. मला वाटलं, चुकत असेन. दुधाने तोंड पोळलेली बाई मी, ताकसुद्धा फुंकून पिणार, प्रत्येक गाडीत मला तोच आवाज येणार आणि मग कुठलीच गाडी घ्यायची नाही, फाइली लावत बसायचं. पेन हातात घेतलं होतं. रुमालाबरोबर आक्काचा कागदही पर्समधून हातात आलेला, तो मेजावर अर्धा उलगडून पडला होता. छापील बाजू वर. कुणाच्या तरी कानांचा आलेख, फुल्या आणि गोल, हळूहळू खाली उतरत गेलेले. माझ्याच हातच्या फुल्या होत्या त्या. कुणीतरी बटण दाबलं म्हणून मारलेल्या.

मी पेनाला टोपण लावलं. "मी चालवून बघते," म्हटलं. "आता?" विकणारा म्हणाला. "आताच. भावजी, तुम्ही डावीकडे बसा." ते म्हणाले, "मी बघितलीय वहिनी, मागे बसतो ना." मी म्हटलं, "नाही. पुढे बसा. डावीकडे." माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या मेजावरचं जोडपं वळून बघायला लागलं.

ह्या खेपेला दार मीच उघडलं. सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. पहिला गिअर टाकताना मनगट ओढलं आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा निघाली. दोन सिग्नल, मग तो लांब रस्ता. उजव्या बाजूला बसल्यावर जग वेगळंच दिसतं, रस्ता जवळ येतो आणि दाराची कडी दूर जाते. इथून तो आवाज फार बारीक होता. खरं सांगायचं तर चाळिसाच्या वेगाला मला तो आलाच नाही, आणि मनात आलं ते फार वाईट होतं: ह्यांना खरंच येत नव्हता तर. मला उडवून लावायला म्हणून ते बोलले नव्हते. त्या सीटवरून तो येतच नाही. मी डावीकडे पाहिलं नाही. वेग पंचेचाळीस, पन्नास. विकणारा मागून म्हणाला, "मॅडम, मस्त चालवता की." दीर फाइल मांडीवर घेऊन बसले होते. वळण दिसायला लागलं. मी वेग कमी केला नाही, फार नव्हताच तो, आणि स्टिअरिंग उजवीकडे घेतलं.

फाइलवरचा त्यांचा हात उचलला गेला. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते, तिथे काच नव्हती, तरी मला ते काचेतल्यासारखं स्पष्ट दिसलं. मान किंचित वळली, डोळे खाली गेले, पायांकडे. वळण संपलं, हात पुन्हा फाइलवर आला. मी पुढच्या चौकातून गाडी फिरवली, उलट बाजूच्या रस्त्यावर घेतली, पुन्हा फिरवली आणि पुन्हा त्याच वळणावर आणली. त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग वर केली. वळण गेलं.

"आवाज येतोय," मी म्हटलं. "पुढच्या डाव्या चाकातून. उजवीकडे वळलं की वाढतो." केवढीशी वाक्यं.

"कसला आवाज मॅडम?" विकणारा उजवा कान पुढे करून म्हणाला. "मला तर काहीच नाही येत."

"येतोय," दीर म्हणाले.

गोदामं गेली, सांगाडे गेले. पहिल्या सिग्नलला लाल दिवा होता, मी थांबले. थांबल्यावर आवाजही थांबला. दीर समोर बघत होते, आणि अगदी हळू, मागच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी विचारलं, "वहिनी, तेव्हाही असाच येत होता?"

"हो."

"किती दिवस?"

"आठ."

त्यांनी मान हलवली. दिवा हिरवा झाला, मागून कुणीतरी हॉर्न दिला, मी गाडी काढली. "मी परत आणताना," ते म्हणाले, आणि थांबले, आणि पुन्हा म्हणाले, "गॅरेजमधून परत आणताना मलाही वाटलं होतं. नवीन काम आहे, बसेल चार दिवसांत, असं तो म्हणाला. मी दादाला सांगितलं नाही." एवढं सांगायला त्यांना दोन वर्षं लागली होती आणि दोन सिग्नलांमधलं अंतर पुरलं. मला त्यांचा राग यायला हवा होता. मी तो शोधला, खरंच शोधला. आत फक्त माझ्यासारखंच एक माणूस सापडलं, अंगठा बटणावर ठेवून बसलेलं, आणि मला त्यांची इतकी दया आली, आणि त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच थोडी माझीही.

"मी एकदा सांगितलं होतं ह्यांना," मी म्हटलं. "एकदाच. मग गप्प बसले. तुमचं नाव निघेल म्हणून."

त्यांनी मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी धरली.

आवारात गाडी ठेवली, इंजिन बंद केलं. विकणारा उतरला आणि माझ्या खिडकीशी आला. मी त्याला सांगितलं की चाक काढून बेअरिंग बघा, ते गेलंय. ही गाडी मी घेणार नाही, पण दुसऱ्या कुणालाही विकू नका चाक बघितल्याशिवाय. तसं मला लिहून द्या, मी थांबते. आणि तुमच्या डाव्या कानाची तपासणी करून घ्या, आमच्याकडे या, नंबर मी लावून देईन. तो आधी ओशाळला, मग रागावला, मग त्याने डाव्या कानाला हात लावला. "मी मेकॅनिकला बोलावतो मॅडम," म्हणाला आणि आत गेला.

दीर उतरले नव्हते. पट्टा तसाच, फाइल मांडीवर, नजर पायांच्या पुढे, जिथून तो आवाज येत होता तिथे. खांदे हलत होते. चौपन्न वर्षांचा माणूस, माझ्यादेखत कधी रडला नव्हता, भावाला पोचवून आला तेव्हासुद्धा नाही. मी उतरले, गाडीच्या नाकाला वळसा घातला आणि डावीकडचं दार त्यांच्यासाठी उघडून धरलं.

"चला भावजी," मी म्हटलं. "दुसरी बघू."